खोक्यावरचे 6400 आणि कागदाचे सात तुकडे

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत बाबांच्या कपाटातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला आणि व्हिनेगरचा असा भपकारा आला की आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "काय सांडलं रे?" सांडलं काहीच नव्हतं. आत माझ्या काकांनी काढलेल्या निगेटिव्ह होत्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा, 120 ची फिल्म, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. सोबत उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचं 'इंदू'चं एक रिकामं खोकंही होतं.

तो वास म्हणजे फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया कुजायला लागल्याची खूण. त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं, आणि तेच अ‍ॅसिड पुढची कुज वाढवतं. एकदा सुरू झालं की परतीची वाट नाही. थंड, कोरड्या जागी ठेवून वेग कमी करता येतो, इतकंच. आणि घट्ट बंद डबा तर सगळ्यात वाईट, कारण वाफ आतच कोंडते. म्हणजे आम्ही पन्नास वर्षं जपून नेमकं चुकीचं तेच केलं!

मग काय, इंजिनिअर माणूस. सेकंडहँड फ्लॅटबेड स्कॅनर घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरात 6400 डीपीआय. मी लगेच हिशोब केला. 56 मिलिमीटरचा चौकोन, म्हणजे एका बाजूला 14,000 पिक्सेल, जवळजवळ 200 मेगापिक्सेल. 16 बिट ग्रेमध्ये एका फोटोची फाइल 400 एमबी. वा!

पहिला स्कॅन बघितला आणि तोंड उतरलं. 400 एमबीची धूसर खीर. आजी कुठल्याशा एसटी स्टँडवर बोचकं घेऊन उभी, मागे लांब एक एसटी, आणि एसटीच्या पाटीवर नुसता पांढरा डाग.

आता माझं आजच्या लेखाचं म्हणणं इथेच सांगून टाकतो: स्कॅनरच्या खोक्यावरचा आकडा विसरा. शार्पनेस विकत मिळत नाही, तो मोजावा लागतो. आणि मोजून झाला की थांबावंही लागतं. या तिसऱ्या भागात मी नापास झालो, ते शेवटी सांगतो.

खोक्यावरचा आकडा तसा खोटा नसतो. सेन्सर खरंच इंचाला तितके नमुने घेतो. पण नमुने घेणं वेगळं आणि भिंगाने तितका तपशील सेन्सरपर्यंत पोचवणं वेगळं. वर्गात हजेरी शंभर टक्के आहे म्हणून सगळ्यांना समजलं असं थोडंच असतं?

मोजायला एक सोपं साधन आहे. अमेरिकन हवाई दलाने 1951 साली ठरवलेली रेघांची चाचणीपट्टी फिल्मवर किंवा काचेवर छापलेली विकत मिळते. बारीक बारीक होत जाणाऱ्या तीन-तीन रेघा. ज्या रेघा शेवटच्या सुट्या दिसतात तिथे तुमच्या स्कॅनरची लायकी कळते. माझ्या स्कॅनरला मिलिमीटरमध्ये रेघांच्या 32 जोड्या दिसल्या. गुणिले दोन, गुणिले 25.4, म्हणजे सुमारे 1600 डीपीआय. खोक्यावर 6400, हातात 1600. पगाराच्या सीटीसी आणि इन-हँडसारखंच झालं की हे!

पण अजून एक गोष्ट हातात होती. बहुतेक फ्लॅटबेडमध्ये फोकस कायमचा बसवलेला असतो, आणि फिल्मसाठीचा फोकस काचेपासून काही मिलिमीटर वर असतो. तुमचा प्लॅस्टिकचा होल्डर नेमक्या त्याच उंचीवर फिल्म धरतो याची खात्री काय? कारखान्यातून निघालेला प्रत्येक स्कॅनर थोडा इकडे-तिकडे असतोच.

म्हणून होल्डरच्या पायांखाली कागदाचे तुकडे घालायचे. आपल्या प्रिंटरच्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर, पाचशे कागदांचं रीम पाच सेंटिमीटर भरतं त्यावरून काढा. तीन कागद, सहा, नऊ, असे स्कॅन करत गेलो. मग लक्षात आलं की हे गाढवकाम आहे. होल्डरचं एक टोक तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाखाली पंधरा कागद घालायचे. एकाच स्कॅनमध्ये सगळ्या उंच्या मिळतात. जिथे सगळ्यात स्पष्ट, ती तुमची उंची. फक्त बघताना फोटोतला चेहरा बघायचा नाही, कारण तो कॅमेऱ्यातच हललेला असू शकतो. फिल्मवरचे ओरखडे बघायचे. ते काही कॅमेऱ्याने हलवलेले नसतात.

माझी उंची निघाली सात कागद. चाचणीपट्टीवर 32 च्या जागी 45 जोड्या. म्हणजे सुमारे 2300 डीपीआय. खर्च शून्य रुपये.

दुसरी भानगड म्हणजे फिल्म सपाट नसणे. मधे कमान आली की कडा एका उंचीवर आणि मध्य दुसऱ्या. यावर उपाय घरगुती: निगेटिव्ह पाकिटात घालून आठवडाभर मोल्सवर्थच्या कोशाखाली. (कोश घेतल्यापासून पहिल्यांदाच उपयोगी पडला.) सरळ काचेवर दाबून ठेवायचा मोह होतो, पण मग चकचकीत बाजू आणि काच यांच्यामध्ये रंगीत वलयं उमटतात. ओळखलंत? एफईच्या फिजिक्स लॅबमध्ये सोडियमच्या दिव्याखाली डोळे फोडून मोजलेल्या न्यूटन्स रिंग्ज! तेव्हा "याचा आयुष्यात उपयोग काय?" असं विचारलं होतं. घ्या.

सेटिंग्जचं थोडक्यात: स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग बंद. 3200 वर स्कॅन, मग 2400 वर आणायचं, आणि शेवटी अगदी हलकं शार्पनिंग. शार्पनिंगने फक्त कडा ठळक होतात, नसलेला तपशील उगवत नाही. इन्फ्रारेडने धूळ काढायची सोय रंगीत निगेटिव्हला छान, पण जुन्या ब्लॅक अँड व्हाइटला बंदच ठेवा. त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजतं.

कोणी म्हणेल, चांगली मॅक्रो लेन्स आणि डिजिटल कॅमेरा वापरला तर 35 एमएमला यापेक्षा जास्त तपशील मिळेल. मान्य. 35 एमएमला 2300 म्हणजे जेमतेम सात मेगापिक्सेल. पण 120 च्या चौकोनाला तेच 25 मेगापिक्सेल होतात, सोळा इंची प्रिंट आरामात. घरच्या डब्यासाठी पुरे आहे.

सात कागद घालून तो एसटी स्टँडचा फोटो पुन्हा स्कॅन केला. पाटी वाचता आली: पंढरपूर.

बाबा वर्षानुवर्षं सांगत होते की ही महाबळेश्वरची सहल. (ते तेव्हा नऊ वर्षांचे होते.) मी प्रिंट घेऊन आत्याकडे गेलो. आत्या 78 वर्षांची. चष्मा पुसून तिने पाटी वाचली आणि हसायलाच लागली. "अरे, कसली सहल! आई आप्पांशी भांडून एकटीच निघाली होती कार्तिकीला. दादा सोडायला गेला होता स्टँडवर. चार दिवस घरात आप्पांनी भात शिजवला, तोही कच्चा."

माझ्या आठवणीतली आजी आजोबांपुढे कधी ब्र न काढणारी होती. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

आता माझं नापास होणं. 2300 मिळाल्यावर मी थांबायला हवं होतं. त्याऐवजी तीन महिने मी 2300 चे 2400 करण्यात घालवले. काच बदल, द्रव लावून फिल्म चिकटवून बघ, एक्सेलमध्ये नोंदी ठेव. डब्यात एकूण चौदा रोल. त्या तीन महिन्यांत स्कॅन केले दोन. उरलेले काढले तेव्हा तळाच्या एका रोलवर इमल्शन सुरकुतून पायापासून सुटलेलं. बारा फोटो गेले. आधी काढले असते तर वाचले असते का? कदाचित नसतेही. पण मी बघितलंच नव्हतं, हे खरं.

ऑफिसात आपण ज्युनिअरला सांगतो ना, आधी चालू कर, मग वेगवान कर. स्वतःच्या घरात मात्र विसरतो.

असो. तुमच्याकडेही असा एखादा डबा असेल. या शनिवारी फक्त उघडा आणि वास घ्या. आंबट आला तर झाकण बंद करू नका, निगेटिव्ह कागदी पाकिटात काढा. मग रविवारी कागदाचे तुकडे घ्या, एक दुपार मोजण्यात घालवा, आणि त्यानंतर मोजणं बंद. आणि पहिली प्रिंट घेऊन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा. फिल्म एकवेळ थंड जागी ठेवून टिकवता येईल, आत्याला कुठे ठेवणार?