रुग्णापलीकडे पोहोचणारे औषध

गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या डोंगराळ कुरणांत चरणाऱ्या मेंढ्यांना कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा असलेली कोकरे होऊ लागली, तेव्हा मेंढपाळांनी सरकारी कृषिखात्याकडे धाव घेतली. आणि दीर्घ शोधाअंती असे निष्पन्न झाले की, गाभण मेंढीने सुमारे चौदाव्या दिवशी कॉर्न लिली नावाची रानवनस्पती खाल्ली, तर तिच्यातील विषाने गर्भाच्या मस्तकाची घडण बिघडते. या हकिगतीतील मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की, ते विष पोटात गेलेली आई बहुधा धडधाकट दिसे.

सायक्लोपामाइन नामक हे विष गर्भाच्या घडणीतील हेजहॉग या संदेशमार्गात अडथळा आणते, हे नव्वदीच्या दशकात सिद्ध झाले. प्रौढ शरीरात बहुतांशी सुप्त असणारा हाच मार्ग बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगात अनिर्बंध जागृत होतो. आणि म्हणून जेथे शस्त्रक्रिया वा किरणोपचार शक्य नाहीत, किंवा रोग दूरवर पसरला आहे, तेथे तो मार्ग रोखणारे व्हिस्मोडेगिब हे औषध जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. गौरवर्णीयांच्या मानाने आपल्या लोकांत हा रोग कमी आढळतो, परंतु आढळतो, आणि तोही बहुधा चेहऱ्यावर.

रोज १५० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, न फोडता, न चुरता, अखंड गिळावयाची. एखादे दिवशी राहून गेली तर ती सोडून द्यावयाची आणि पुढची ठरल्या वेळी घ्यावयाची. इतके सोपे औषध पाहून घरातील माणसे निर्धास्त होतात, आणि नेमका येथेच माझा आक्षेप आहे. ज्या औषधाची शक्ती गर्भाची घडण मोडणाऱ्या शक्तीहून निराळी नाही, त्याची सुरक्षितता केवळ घेणाऱ्याच्या प्रकृतीवरून कशी ठरवावी? स्त्रीने उपचारापूर्वी गर्भधारणेची चाचणी करावी, उपचार चालू असेतो व शेवटच्या मात्रेनंतर २४ महिने गर्भनिरोधन पाळावे आणि अंगावर पाजू नये. पुरुषाने, त्याची नसबंदी झालेली असली तरीही, उपचार चालू असेतो व शेवटच्या मात्रेनंतर ३ महिन्यांपर्यंत निरोध वापरावा, कारण औषध वीर्यातही उतरते. आणि उपचार चालू असेतो व शेवटच्या मात्रेनंतर २४ महिने कोणाही रुग्णाने रक्तदान करू नये, अशी ताकीद औषधासोबतच दिलेली असते. सत्तरीतल्या आजोबांना हे सांगून काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, आजोबांच्या डब्यातील उरलेली कॅप्सूल ज्या घरात पडून राहते त्याच घरात गरोदर नातसूनही नांदत असते. उरलेले औषध फडताळात साठवू नये, दुसऱ्याला तर मुळीच देऊ नये. ते औषधदुकानदारास विचारून परत करण्याची तजवीज करावी.

त्रास रुग्णालाही होतोच. स्नायूंना पेटके येतात, केस गळतात, जिभेची चव जाते, त्यामुळे जेवण कमी होऊन वजन उतरते. आणि कंटाळलेला रुग्ण कोणालाही न सांगता औषध बंद करतो. असह्य त्रास झाल्यास ८ आठवड्यांपर्यंत विराम देण्याची मुभा असते, पण ती डॉक्टरांनी ठरवून द्यावयाची. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितली गेली, तर पुष्कळांचा उपचार अर्ध्यावर सुटणार नाही.

रुग्णालयात शिरेवाटे औषध देताना परिचारिकेची नजर असते. गोळीच्या उपचारात ती नजर नाहीशी होऊन सारा भार कुटुंबावर पडतो. सबब बारीक अक्षरांतील इंग्रजी पत्रक हाती ठेवून डॉक्टरांची जबाबदारी संपली असे मानणे मला मुळीच मान्य नाही. पहिली कॅप्सूल देण्यापूर्वी रुग्णाला व त्याच्या जोडीदाराला एकत्र बसवावे, लाज बाजूस सारून निरोधाचा आणि रक्तदानाचा विषय मराठीत बोलावा, समजले ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे, आणि रक्तदानास पुन्हा मोकळीक केव्हा मिळेल ती तारीख उपचार संपताच केसपेपरावर लिहून द्यावी.