बोल्ट मूळचा की मागाहून बसवलेला?

शेतकरी बंधूंनो, पोलिसांच्या खांद्यावरची ‘थ्री-नॉट-थ्री’ तुम्ही पाहिलीच असेल. 1907 सालच्या नमुन्याची ही ली-एन्फिल्ड रायफल बंगालमधल्या ईशापूर कारखान्यातही बनत असे. परवान्यावर मिळणारी .315 तिच्याच घडणीवर बेतलेली.

अशी जुनी रायफल वारसाने घरात आली, तर ती रिकामी असल्याची खात्री करून आधी क्रमांक ताडून पाहा. बोल्टच्या मुठीच्या मुळाशी, मागच्या अंगाला एक क्रमांक ठोकलेला असतो. तो सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. जुना क्रमांक खोडून सांगाड्याचा ठोकलेला दिसला, तर लगेच घाबरू नका. फौजेचे कारागीर दुरुस्तीत तसे करीत. दस्ता परका असला तरी फारसे बिघडत नाही.

बोल्टचे मात्र तसे नाही. दुसऱ्याच्या गाडीचे चाक आपल्या आसावर चढते, पण डगमगते! परक्या बोल्टमुळे काडतुसामागे फट जास्त राहिली, तर पितळी नळकांडे फाटून जळता वायू थेट डोळ्यांवर येऊ शकतो. बोल्ट नीट बंद होतो एवढ्यावर जाऊ नका. ही फट गेज लावूनच कळते. परवानाधारक कारागिराकडून ती मोजून घेईपर्यंत बार काढू नका.