लॉबी कुणाची?

तारकर्लीच्या वाळूत शाळकरी पोरांची कबड्डी बघताना वाटतं, नियमापेक्षा पंच मोठा. स्पर्श झाला की लॉबी मैदानात धरायची. पण ओझरता हात लागला की नाही, हे ठरवणार कोण? पंचच!

आणि हे फक्त शाळेतच नाही बरं का. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई स्पर्धेची फायनल, भारत-इराण २८-२८. पवन सेहरावत कुणाला न शिवता लॉबीत गेला, मागोमाग इराणचे बचावपटू. जुन्या नियमाने सगळे बाद, नव्याने एकटा पवन. खेळ तासभर ठप्प! शेवटी भारत ३३-२९.

माझं म्हणणं साधं आहे. पंच कडक असो वा सैल, सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना सांगा, आज लॉबी अशी धरणार. पोरं हरणं पचवतात हो, मध्येच बदललेला नियम नाही.