बांधाचे भांडण आणि डेअरीची रांग

माझे वडील आणि माझे थोरले चुलते यांच्यात बांधावरून दावा चालू आहे. मला कळायला लागल्यापासून तो चालूच आहे. बांध हातभर रुंदीचा. पण त्याच्यापायी दोनदा मोजणी झाली, तालुक्याच्या कोर्टात तारखा झाल्या, आणि आता लग्नकार्याची पत्रिकाही एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही. तथापि रोज पहाटे हेच दोन सख्खे भाऊ गावच्या डेअरीत किटल्या घेऊन एकाच रांगेत उभे असतात. बोलत नाहीत. पण दोघांच्या दुधाची फॅट एकाच यंत्रावर लागते, दोघांचा दुधाचा पगार एकाच दिवशी होतो. मागच्या पावसाळ्यात वस्तीचा रस्ता वाहून गेला, दुधाची गाडी येईना. तेव्हा दोघांनी एकाच ट्रॉलीत मुरूम भरला. बांध होता तिथेच राहिला, रस्ता मात्र झाला.

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी 'सार्क' शिकवायला घेतले, तेव्हा मला हीच रांग आठवली. शेजारी राष्ट्रांच्या सीमा बंद असतील, तर आर्थिक सहकार्याने त्यातून वाट निघू शकते का, असा प्रश्न होता. माझे मत असे की वाट निघते. पण नुसत्या गोड बोलण्याने नव्हे. दोघांनाही सारखे बांधून ठेवणारा नियम असेल तरच निघते.

हा प्रश्न दिल्ली-ढाक्याचा आहे, आपल्या नगर जिल्ह्याचा नाही, असे कोणी समजू नये. ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा मी बारावीत होतो. आमचा लाल कांदा काढून गोण्या भरून तयार होत्या. लाल कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टिकत नाही, तो विकावाच लागतो. घोडेगावच्या बाजारात भाव धाडकन कोसळला. वडिलांनी घरी येऊन पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाच." त्यांना वाचता येत नाही असे नाही. त्यांना ती पुन्हा वाचायची नव्हती.

ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. त्यापूर्वी सप्टेंबर २०१९ मध्ये आणि सप्टेंबर २०२० मध्येही अशीच अचानक बंदी आली होती. बांगलादेश हे आपल्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक. २०१९ च्या बंदीनंतर ऑक्टोबरमध्ये त्या देशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. आधी कळवले असते तर बरे झाले असते, आपण तर स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितले आहे, असे त्या हसत हसत म्हणाल्या. लोक हसले. पण त्या वर्षी बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान येथून कांदा मागवला. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढले की परत येताना विचार करते, हे आपल्या गावच्या किराणा दुकानदारालाही कळते. म्हणजे सीमा बंदुकीनेच बंद होते असे नाही. ती एका रात्रीच्या आदेशानेही बंद होते. आणि तो दरवाजा प्रत्येक वेळी समोरच्यानेच लावलेला असतो, असेही नाही.

सार्कची स्थापना ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात झाली. सनदेतच लिहिले आहे की निर्णय एकमताने घ्यायचे आणि दोन देशांमधील वादाचे विषय चर्चेला आणायचे नाहीत. दुसरी अट मला शहाणपणाची वाटते; डेअरीच्या रांगेत बांधाचा विषय निघत नाही म्हणूनच ती रांग टिकली आहे. पण पहिल्या अटीमुळे एकजण रुसला की सर्वांचेच काम थांबते. २००४ साली इस्लामाबादेत मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या झाल्या, २००६ पासून तो अमलात आला. परंतु २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर राष्ट्रप्रमुखांची बैठकच झालेली नाही. २०१९ साली पुलवामानंतर भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसवली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार स्थगित केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीची चौकी बंद झाली.

येथे माझा चुलतभाऊ मला अडवतो. तो सैन्यात आहे. आपल्या नगरला चिलखती दलाचे केंद्र आहे, आणि आपल्या वर्गातही असे कितीतरी जण आहेत ज्यांच्या घरातला कोणी ना कोणी सीमेवर उभा आहे. तो विचारतो, "जे माणसे मारतात, त्यांना कांदा विकायचा?" या प्रश्नाला माझ्याजवळ चटकन देण्याजोगे उत्तर नाही, आणि ज्याच्याजवळ आहे त्याच्यावर माझा विश्वास नाही. अटारी उद्याच उघडा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की एक दरवाजा बंद आहे म्हणून सगळे घर बंद ठेवू नये.

याचे उदाहरण ताजे आहे. नेपाळ आणि बांगलादेश यांची हद्द एकमेकांना लागत नाही. मध्ये आपली भूमी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिन्ही देशांनी करार केला आणि नोव्हेंबरमध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ढाक्यात सत्तांतर झाले होते, आपले त्यांचे संबंध ताणले गेले होते. तरी तार तुटली नाही. ४० मेगावॅट म्हणजे फार नव्हे. पण आमच्या रस्त्यावरचा मुरूमही एक ट्रॉलीच होता.

युरोपात फ्रान्स आणि जर्मनी यांनी सत्तर वर्षांत तीन युद्धे केली. १९५१ साली सहा देशांनी कोळसा आणि पोलाद एका सामायिक मंडळाच्या ताब्यात दिले. त्यांचे एकमेकांवर प्रेम जडले होते म्हणून नव्हे, तर एकट्याला मोडता येणार नाही असा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला म्हणून. आपल्याला इतक्या लांब जाण्याचेही कारण नाही. त्याच सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यातले सभासद काय भाऊबंदकी नसलेले होते? किंबहुना बांध कोरणारेच ते! पण ऊस कारखान्याला घालायचा हे सभासदावर बंधन, आणि तो गाळायचा हे कारखान्यावर. पुढे सहकारात गटबाजी शिरली हे मी नाकारत नाही. तरीही पोटनियम होते म्हणून भांडणाऱ्यांचाही ऊस गाळला गेला.

म्हणून मित्रहो, शेजाऱ्यांशी करार करताना आपण निदान एक गोष्ट मागितली पाहिजे: निर्यात असो वा आयात, बंद करायची तर काही आठवडे आधी कळवायचे, आणि हे बंधन दोन्ही बाजूंना सारखे. त्याने काश्मीरचा प्रश्न सुटणार नाही. पण शेतकऱ्याला गोण्या भरायच्या की नाही हे आधी कळेल, आणि पलीकडच्या बाईला चुलीवर काय शिजवायचे हेही.

आमच्या दाव्याची पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. निकाल कोणाच्या बाजूने लागेल ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघेही डेअरीत असतील, एवढे मात्र नक्की.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला