सव्वा क्विंटलचं लेकरू

बीड जिल्ह्यातल्या केजहून अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणावी. पुढे आजोबा, त्यांच्या मांडीवर नातू. मागे तिघींच्या मधल्या जागेत धाकटी उभी, दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीला. मागचे बेल्ट नव्या सीटकव्हरखाली कधीच गडप झालेले. कुणी हटकलंच तर उत्तर मिळतं, "आईजवळच तर हाय लेकरू, त्याला काय होतंय?"

या घरात मायेला तोटा नाही. चूक आहे ती हिशोबात. ताशी 40 किलोमीटरने चाललेली गाडी झाडावर आदळली आणि अर्ध्या मीटरात थांबली, तर दहा किलोच्या लेकराला जागेवर धरून ठेवायला साधारण सव्वाशे किलोचा जोर लागतो. म्हणजे सव्वा क्विंटल, आणि तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. अडत बाजारात उभी हयात पोती उचललेल्या हमालालाही हे जमायचं नाही. मग झोपाळलेल्या आईच्या हातांकडून ही अपेक्षा कशी करायची? शिवाय तिने स्वतः बेल्ट लावला नसेल, तर ती पुढे फेकली जाते आणि तिच्या अंगाचा सगळा भार मांडीवरच्या लेकरावर येतो.

मांडीचा हा युक्तिवाद एकट्या केजचा नाही. अमेरिकेत टेनेसी राज्याने 1977 साली लहानग्यांच्या कार सीटचा कायदा केला. देशातला तो पहिलाच. त्यासाठी झटणारे डॉ. रॉबर्ट सँडर्स हे बालरोगतज्ज्ञ होते. पण मूल आईच्या कुशीत असेल तर सीटची सक्ती नको, अशी सवलत त्या कायद्यात घुसवली गेली. सँडर्स यांच्या बाजूच्या लोकांनी तिला 'लेकरं चिरडणारी दुरुस्ती' असंच नाव दिलं. 1981 मध्ये ती सवलत काढावी लागली. जो धडा तिथे चार वर्षांत गिरवला गेला, तो इथे नव्याने लेकरांच्या जिवावर गिरवण्याचं कारण नाही.

"जवळच तर जायचंय, आणि मागं बसलंय," हा दुसरा आक्षेप. बीड जिल्ह्याने तरी तो घेऊ नये. 3 जून 2014 च्या सकाळी बीडचे खासदार आणि केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे दिल्लीत घरून विमानतळाकडे निघाले होते, आणि वाटेतल्या अपघातात गेले. शहरातलाच रस्ता, आणि ते मागच्या सीटवर होते. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं, की मागचा बेल्ट लावला असता तर ते वाचू शकले असते. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे बिनबेल्टचे बसलेले मिस्त्री आणि त्यांच्या शेजारचे असे दोघे गेले, पुढचे दोघे वाचले.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. लोक म्हणतात, ही शहरातल्या पैसेवाल्यांची थेरं; इथली लेकरं तर ऊसतोडीला ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. हे खरं आहे. दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि भांडीकुंडी, सरपण, शेळ्या यांच्यामध्ये तान्ही पोरं बसलेली असतात. त्यांच्यासाठी बेल्ट कुठला? पण एकाचं लेकरू उघड्यावर आहे म्हणून दुसऱ्याचंही तसंच असू द्यावं, हा न्याय कुणाच्या हिताचा? उलट या आक्षेपातून मागणी निघायला हवी: टोळीबरोबरच्या बायका-लेकरांना कारखान्यांनी बसने न्यावं, आणि तो खर्च मजुरांच्या आगाऊ उचलीतून कापू नये.

कायदा फक्त मोटारवाल्यांसाठी आहे, हेही बरोबर नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 194-बी सांगतं, की चौदा वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. पण दुचाकीसाठीही केंद्राचा नियम आहे, आणि तो 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, डोक्याला मापाचं हेल्मेट हवं आणि वेग 40 च्या आत हवा. बाप, आई आणि मध्ये लेकरू अशी मोटारसायकल केजच्या बसस्थानकासमोरून सतत जात असते. त्या घरासाठीच हा नियम आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो खरा आहे. बालआसनाला काही हजार रुपये पडतात आणि मूल काही वर्षांत त्यात मावेनासं होतं. मात्र पाळणा तरी प्रत्येक घर नवा कुठे घेतं? नणंदेकडून भावजयीकडे, थोरलीकडून धाकटीकडे तो फिरतच असतो. अपघातात सापडलेलं नसेल आणि मुदत संपलेली नसेल, तर बालआसनही तसंच फिरू शकतं. एखाद्या बचत गटाने चार-पाच आसनं घेऊन भाड्याने दिली, तर जावळाला, लग्नाला निघालेल्या घरांची सोय होईल आणि गटाला चार पैसेही सुटतील. नगरपंचायतीने यासाठी हात द्यायला हरकत नाही.

आसन मिळालं तरी ते नीट बसवायला हवं. तान्ह्याचं आसन मागच्या सीटवर, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून बसवायचं; कारण त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. बालआसनात मावेनासं झालं की उंची साधारण 145 सेंटीमीटर होईपर्यंत बसायची उंची वाढवणारा बूस्टर हवा, नाहीतर मोठ्यांचा पट्टा गळ्यावर आणि पोटावर येतो. आणि सीटकव्हर शिवायला टाकताना कारागिराला बजावायचं, की मागच्या तिन्ही बेल्टची बकलं वर राहिली पाहिजेत.