अंदाजाचे बिल, खरी थकबाकी

विजेचे बिल कमी आले, तर घरात कोणी तक्रार करत नाही. जास्त आले की मात्र चर्चा सुरू होते. मीटर पळतो म्हणावे, की शेजाऱ्याने तार जोडली म्हणावे? पण पुष्कळदा आजच्या जास्त बिलाचे मूळ मागच्या कमी बिलात सापडते. ते बिल मीटर न पाहता, अंदाजाने काढलेले असते. घरखर्चाच्या वहीत 'वीज बिल भरले' अशी नोंद होते आणि उरलेली रक्कम कर्जासारखी मागे साचत राहते.

२०२० च्या उन्हाळ्यात हा अनुभव साऱ्या देशाला आला. कावेरीकाठच्या कुंभकोणमचेच पाहा. देवळांचे, पितळी भांड्यांचे आणि फिल्टर कॉफीचे हे गाव. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यापासून या मुलखात मराठी बोलणारी घरेही नांदत आली आहेत. तामिळनाडूत घरगुती विजेचे बिल दर दोन महिन्यांनी निघते. वीज कंपनीचा माणूस यायचा, आकडा पाहायचा आणि मीटरजवळच्या पांढऱ्या कार्डावर लिहून जायचा. मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि त्याचे येणे थांबले. तेव्हाची राज्य वीज कंपनी टँगेडको हिने सांगितले, की ज्यांचे मीटर पाहता आले नाहीत त्यांनी मागच्या बिलाइतकी रक्कम भरावी.

बऱ्याच घरांचे मागचे बिल थंडीच्या दिवसांचे होते. टाळेबंदीत मात्र मुले घरी, मोठी माणसे घरी, पंखे दिवसभर चालू, आणि मे महिन्यात तिकडचे 'अग्नी नक्षत्र' तापलेले. मग चार महिन्यांचा आकडा एकदम वाचला गेला. एकूण युनिटचे दोन समान भाग करायचे, प्रत्येक भागाला दोन महिन्यांचा दर लावायचा आणि आधी भरलेली रक्कम वजा करायची, असा कंपनीचा हिशेब होता.

यात मेख कुठे होती? त्या वेळच्या दरांनुसार दोन महिन्यांत २०० च्या वर आणि ५०० युनिटपर्यंत वापर असला, तर पहिली १०० युनिट मोफत, पुढची १०० दोन रुपयांनी आणि त्यापुढची तीन रुपयांनी पडत. ५०० ची रेघ ओलांडली की खालच्या युनिटचाही दर वाढे: १०० मोफत, पुढची १०० साडेतीन रुपयांनी, त्यापुढची ३०० चार रुपये साठ पैशांनी आणि ५०० वरची सहा रुपये साठ पैशांनी.

समजा, एका घराने आधीच्या बिलाइतके, म्हणजे ४०० युनिटचे ८०० रुपये भरले. पुढे चार महिन्यांचा वापर १०४० युनिट निघाला. त्याचे दोन भाग ५२० चे. प्रत्येकी १८६२, मिळून ३७२४ रुपये. ८०० वजा जाता २९२४ रुपये एकदम भरायचे. तोच वापर वेळच्या वेळी वाचून ४४० आणि ६०० युनिट असा नोंदला गेला असता, तर बिल ३३१० रुपये झाले असते. (स्थिर आकार वेगळा.) या पद्धतीविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली, पण जुलै २०२० मध्ये याचिका फेटाळली गेली.

महाराष्ट्रातही त्या वर्षी तेच घडले. महावितरणने मार्चमध्ये मीटरवाचन थांबवले, थंडीच्या महिन्यांच्या सरासरीने बिले दिली आणि जूनमध्ये खऱ्या आकड्याचे बिल हाती पडल्यावर अनेकांना घाम फुटला. तेव्हा तीन हप्त्यांची सोय आणि एकरकमी भरणाऱ्यांना दोन टक्के सूट देण्यात आली.

टाळेबंदी संपली, पण कुलूपबंद दार, बिघडलेला मीटर किंवा न आलेला माणूस यांमुळे अंदाजाची बिले आजही निघतात. म्हणून काही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात.

पहिली सवय आकडा लिहिण्याची. महिन्याच्या ठरावीक तारखेला मीटरचा आकडा कॅलेंडरवर मांडावा. हे काम शाळकरी मुलालाही जमेल. बिल आले की त्यावरचा आकडा ताडून पाहावा. 'सरासरी' किंवा 'दार बंद' असा शेरा असेल, तर ते बिल कच्चे समजावे आणि आपल्या वापराच्या मानाने पडणारा फरक बाजूला काढून ठेवावा.

दुसरे, हक्क. केंद्र सरकारच्या डिसेंबर २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती बिले देता येत नाहीत. लागोपाठ दोनदा मीटरपर्यंत पोहोचता आले नाही, तर ग्राहक स्वतः मीटरचा तारखेसह फोटो काढून मोबाइलवरून वा ई-मेलने पाठवू शकतो.

तिसरे, मोठे बिल आलेच तर ते कपाटात दडवून ठेवू नये. आकडा बरोबर आहे का, युनिट किती महिन्यांत विभागली, आधी भरलेली रक्कम वजा झाली का, हे तपासावे. कार्यालयात लेखी अर्ज करून हप्ते मागावेत आणि अर्जाची पोच घ्यावी. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तिथे समाधान झाले नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

हप्ते ठरले की चालू बिल मात्र चुकवू नये, नाहीतर जुने फिटेपर्यंत नवे साचते. आणि घरात हे लपवू नये. किती देणे आहे हे सर्वांना कळले, तर रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला कोणाला सांगावे लागत नाही.