रुंदीकरणाआधी आखणी

तालुक्याचे गाव वाढते, बायपास होतो, कॉलेज आणि मंगल कार्यालये गावाबाहेर सरकतात आणि जिथे पूर्वी साधा फाटा होता तिथे पाच रस्ते एकत्र येऊ लागतात. एस.टी.चा थांबा, वडापच्या गाड्या, उसाचे ट्रॅक्टर, शाळेला चालत निघालेली मुले, सगळे त्याच जागेत. अपघात वाढले की निवेदने येतात आणि आपल्यापुढे ठरलेल्या मागण्या ठेवल्या जातात: रुंदीकरण, सिग्नल, जमल्यास उड्डाणपूल. या तिन्हींच्या आधी करायचे काम आखणीचे आहे आणि तेच बहुधा राहून जाते.

साध्या चौरस्त्यावर वाहनांचे मार्ग 32 ठिकाणी एकमेकांच्या आड येतात. त्यांतल्या 16 ठिकाणी ते थेट छेदतात आणि सर्वांत गंभीर धडका तिथेच होतात. तिठ्यावर असे एकूण 9 बिंदू, छेदणारे फक्त 3. म्हणजे समोरासमोरचे दोन जोडरस्ते पुरेशा अंतराने सरकवून चौरस्त्याचे दोन तिठे केले, तर 32 चे 18 होतात आणि छेदणारे बिंदू 16 वरून 6 वर येतात. म्हणून पाचव्या रस्त्याबद्दल पहिला प्रश्न हा विचारावा, की तो चौकातच यायला हवा का? थोडा अलीकडे वळवून मुख्य रस्त्याला मिळवता येईल का? रुंदीकरणाने हे बिंदू कमी होत नाहीत. उलट मोकळे डांबर वाढते आणि प्रत्येक चालक त्यातून आपापली वाट काढतो.

एकपदरी चक्री चौकात बिंदू 8 च राहतात आणि छेदणारा एकही नसतो. पण पुतळ्याभोवती गोल कठडा बांधला की चक्री चौक झाला, असे होत नाही. आत येणारी वाट अरुंद आणि वळती हवी, म्हणजे वेग आपोआप उतरतो. आत फिरणाऱ्या वाहनाला अग्रक्रमही हवा. ब्रिटनने हा नियम 1966 मध्ये लागू केला आणि कोंडणारी वर्तुळे वाहती झाली. आपल्याकडे भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी 65 ही मार्गदर्शिका हाताशी आहे. अंदाजपत्रकाआधी ती उघडली जावी.

आखणी कागदावर पटली तरी लगेच काँक्रीट ओतू नये. मुंबईत मालाडच्या मीठ चौकीत रंग आणि शंकू वापरून नवी मांडणी आधी प्रत्यक्ष रस्त्यावर करून पाहिली गेली. नगरपालिकेलाही हे परवडते. वाळूची पोती, बॅरिकेड आणि चुन्याच्या रेघा एवढ्यावर बेटे उभी करावीत. बाजाराच्या दिवशी, शाळा सुटताना आणि रात्री चित्रीकरण करावे. लांब ट्रॉली कुठे अडते, दुचाकी कुठून घुसते, म्हातारे माणूस कुठे थबकते, हे त्यातून दिसेल. पुणे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोच्या कामासाठी 2020 मध्ये पाडावा लागला. कायमचे म्हणून बांधलेले दुरुस्त करणे किती महाग पडते, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

पादचाऱ्यांचा विचार नकाशा पूर्ण झाल्यावर करण्याची सवय मोडली पाहिजे. माणसे जिथून खरोखर ओलांडतात, तिथेच झेब्रा पट्टे आणि मध्ये थांबायला बेट द्यावे. कोपऱ्यांची वळणे आवळावीत. एस.टी. आणि रिक्षांचे थांबे चौक ओलांडल्यानंतर ठेवावेत.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आले. सुरक्षा मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, सल्लागार आणि कंत्राटदार एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरतात. तरीही दंडाच्या भीतीने चांगले चौक घडणार नाहीत. गोंधळलेल्या चालकाला बेशिस्त म्हणण्याआधी त्याला काय दिसते, ते आपण चौकात उभे राहून पाहिले पाहिजे. पुढचे अंदाजपत्रक सादर करताना सोबत तीन कागद जोडा: सर्व दिशांची वाहनमोजणी, संघर्षबिंदूंचा आराखडा आणि चालणाऱ्यांच्या वाटांचा नकाशा. हे तीन कागद नसतील, तर त्या अंदाजपत्रकावर सही करू नका.